खड्डे आईबापांनी का बुजवायचे?

सुरतच्या कतारगाममधल्या किरण हॉस्पिटलमधून २०२१च्या ऑक्टोबरअखेर एका १४ वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात मुंबईकडे रवाना झाले. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर डॉक्टरांनी त्याला मेंदूमृत घोषित केलं होतं. त्याची मूत्रपिंडं आधीच निकामी झाली होती. तो डायलिसिसवर होता आणि प्रत्यारोपणाची तयारी चालू होती. म्हणजे जे कुटुंब कुणाच्या तरी अवयवाच्या आशेवर होतं, तेच शेवटी देणारं ठरलं. हृदय, फुप्फुसं, यकृत, डोळे आणि हात. मुंबईच्या शल्यविशारदांनी ते हात पुण्याच्या एका तरुणाला जोडले. विजेच्या धक्क्याने त्याचे हातपाय गेले होते.

हृदय किंवा यकृत देताना निदान मुलाचं रूप बदलत नाही. टाके कपड्याखाली झाकले जातात आणि आई ज्याला ओळखते तोच मुलगा घरी येतो. हात दिसतात. पाटी-पेन्सिल धरायला शिकवताना, रस्ता ओलांडताना, ताप पाहताना आईबापांनी हजारदा धरलेले असतात ते. देहाला कृत्रिम हात बसवून देण्याची पद्धत आहे, पण आईच्या नजरेला ते फसवणार नाहीत. म्हणूनच हातांचं दान आपल्याकडे अजून विरळ आहे, आणि इतक्या कोवळ्या वयाच्या मुलाचं तर फारच.

१९९४च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ लागतं. चाचण्या दोनदा होतात आणि त्यांमध्ये किमान सहा तासांचं अंतर ठेवावं लागतं. रुग्ण १८ वर्षांखालचा असेल, तर संमती आई किंवा वडील देतात. कागदावर ही दोन-तीन वाक्यं आहेत. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर ती अख्खी रात्र असते. आत व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, अंग उबदार असतं, मॉनिटरवर हृदयाची रेघ चालू असते, आणि समोरचा माणूस हलक्या आवाजात सांगत असतो की तुमचा मुलगा गेला आहे. त्यानंतर तो अवयवांबद्दल विचारतो.

सुरतेत हा प्रश्न विचारणारी आणि त्याला होकार देणारी माणसं गेल्या काही वर्षांत लक्षणीय वाढली. नीलेश मांडलेवाला यांची ‘डोनेट लाइफ’ ही संस्था त्यामागचं एक मोठं कारण आहे. दुसरं कारण या शहराच्या घडणीत शोधावं लागेल. कतारगाम, वराछा या भागांत भावनगर-अमरेलीकडून हिऱ्याच्या धंद्यासाठी आलेली कुटुंबं राहतात. गाव सुटलं तरी गावाचं मंडळ सुटलेलं नाही. लग्न असो, आजार असो की मरण, चार तासांत दोनशे माणसं उभी राहतात. खुद्द किरण हॉस्पिटल पाटीदार समाजाच्या ट्रस्टने देणग्यांतून उभं केलं आणि २०१७च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ज्या समाजात देणं हा सार्वजनिक व्यवहार आहे, तिथे त्या बाकड्यावर बसलेला बाप एकटा नसतो.

याच शहरात २०२०च्या डिसेंबरमध्ये एक अडीच वर्षांचा मुलगा खेळताना गॅलरीतून पडला. त्याच्या आईबापांनी अवयवदानाचा निर्णय घेतला. चेन्नईत उपचार घेणाऱ्या एका रशियन मुलाला त्याचं हृदय मिळालं आणि एका युक्रेनियन मुलाला फुप्फुसं. पुढे १४ महिन्यांनी रशिया युक्रेनवर तुटून पडला. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तर जेमतेम पाच दिवसांच्या बाळाचे अवयव सुरतेत दान झाले. या आईबापांपुढे नतमस्तक व्हावं, यात वाद नाही.

वाद पुढे सुरू होतो. अशा प्रत्येक बातमीनंतर मथळा ठरलेला असतो, की मुलगा मृत्यूनंतरही जगला, अमर झाला. मग सत्कार, शाल, श्रीफळ आणि व्यासपीठावर मान खाली घालून बसलेले दोघं. टाळ्या वाजवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या टाळ्यांमधून नकळत एक मागणी तयार होते. दुःखाने काहीतरी कामाचं करून दाखवावं, ही ती मागणी. मुलाच्या आठवणीत शाळा बांधा, झाडं लावा, कायदा बदला, खड्डे बुजवा. नुसतं रडणारे आईबाप समाजाला अवघड वाटतात. राबणारे आईबाप सोयीचे असतात, कारण त्यांच्याकडे पाहून आपल्यालाच बरं वाटतं.

यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. अवयवदान ही गोष्ट आईबापच करू शकतात. ती त्यांच्या जागी कुणी करू शकत नाही, कायद्याने नाही आणि नैतिकदृष्ट्याही नाही. पण आईबाप मुलाच्या नावाने जी कामं उपसताना दिसतात, त्यांतली कित्येक मुळात दुसऱ्या कुणाची तरी असतात. त्यासाठी पगार घेणारी माणसं असतात, अंदाजपत्रकात तरतूद असते.

मुंबईच्या दादाराव बिल्होरे यांचं उदाहरण महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. अंधेरीच्या मरोळ भागात भाजी विकणारा हा माणूस. २८ जुलै २०१५ रोजी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटारसायकल आदळली आणि मागे बसलेला त्यांचा १६ वर्षांचा प्रकाश गेला. नंतर बिल्होरे स्वतःच रस्त्यावर उतरले. बांधकामांवरचं डबर, पेव्हर ब्लॉकचे तुकडे गोळा करायचे, खड्ड्यात भरायचे, ठोकून घट्ट करायचं. असे शेकडो खड्डे त्यांनी बुजवले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘पॉटहोल दादा’ केलं. परदेशी वाहिन्या आल्या, पुरस्कार मिळाले.

बिल्होरेंच्या कामाचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण तो फोटो पुन्हा एकदा नीट पाहायला हवा. देशातली सर्वात श्रीमंत महापालिका, तिचा रस्ते विभाग, तिचे कंत्राटदार, त्यांचा दोषदायित्वाचा कालावधी आणि त्या सगळ्यांच्या रस्त्यावर गुडघे टेकून बसलेला एक भाजीवाला. याला प्रेरणादायी म्हणणं म्हणजे महापालिकेला फुकटात सोडून देणं. तो फोटो खरं तर आरोपपत्र म्हणून छापायला हवा होता.

यंत्रणेचं काम आईबापांवर पडण्याचा सुरतेलाही स्वतःचा दाखला आहे. कतारगामपासून काही किलोमीटरवर, सरथाणा जकातनाक्याजवळच्या तक्षशिला आर्केडला २४ मे २०१९ रोजी दुपारी आग लागली. सर्वात वरच्या मजल्यावर, गच्चीवर बेकायदा उभारलेल्या छताखाली क्लास चालत होता. छत इतकं बुटकं की खुर्च्या मावेनात, म्हणून मुलांना टायरवर बसवलेलं. वर जायला लाकडी जिना, तोही पेटला. अग्निशमन दलाची शिडी वेळेत वर पोहोचली नाही आणि मुलं खिडक्यांतून खाली उड्या मारू लागली. ती दृश्यं मोबाइलवर चित्रित झाली आणि देशभर पाहिली गेली. २२ विद्यार्थी गेले. दुसऱ्या दिवशी, २५ मे रोजी, गुजरात बोर्डाचा बारावीचा निकाल लागला. गेलेल्या मुलींपैकी तिघी पास झाल्या होत्या.

त्या गुणपत्रिकांचं त्या घरांनी काय केलं असेल, हे विचारायला कुणी जाऊ नये.

या पालकांनी मुलांच्या आठवणीत काय केलं? ते न्यायालयात गेले. तारखांना हजर राहिले, जामीनअर्जांना विरोध केला, महापालिकेचे आणि वीज कंपनीचे अधिकारीही जबाबदार धरावेत म्हणून झगडले. पाच वर्षं झाली तरी खटला चालूच होता. पाचव्या स्मृतिदिनाला श्रद्धांजली वाहून माणसं घरी गेली आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मे २०२४ला, राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागून २७ जण मेले. त्यांत मुलंही होती. पुन्हा तीच परवान्यांची गोष्ट. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या होत्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती. तक्षशिलाच्या पालकांची मागणी पहिल्या दिवसापासून एकच होती, की हे दुसऱ्या कुणाच्या मुलावर येऊ नये. त्यांच्या मुलांचा सन्मान राखायचा एकच मार्ग सरकारच्या हातात होता, आणि तो राजकोटला जळाला.

दिल्लीच्या नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांनी हाच रस्ता त्याआधी दोन दशकं तुडवला. १३ जून १९९७च्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ माणसं गेली, त्यांत त्यांची दोन्ही मुलं होती, उन्नती १७ वर्षांची आणि उज्ज्वल १३चा. कायद्याचा गंध नसलेल्या या जोडप्याने पीडितांची संघटना बांधली. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांना उरलेल्या तुरुंगवासाऐवजी प्रत्येकी ३० कोटी रुपये भरण्याची मुभा दिली. मुलांच्या आठवणीसाठी लागणारा सगळा वेळ या आईबापांनी फायली वाचण्यात घालवला. तो त्यांनी स्वखुशीने घालवला असं म्हणणं सोपं आहे. पण सरकारी यंत्रणेने आपलं काम चोख केलं असतं, तर त्यांना निदान शांतपणे शोक करता आला असता.

हा शांतपणे शोक करण्याचा हक्क आपल्या परंपरेनेही लहान मुलांच्या बाबतीत फारसा दिलेला नाही. मनुस्मृती दोन वर्षांखालच्या मुलाला दहन नको, पुरावं म्हणते आणि जलदानही सांगत नाही. सुतकही कमी. यामागे क्रौर्य असेलच असं नाही. ज्या काळात घरटी दोन-तीन मुलं दगावत, त्या काळात प्रत्येकासाठी तेरा दिवस थांबणं शेतीला आणि संसाराला परवडणारं नव्हतं. १९७१मध्येसुद्धा देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे १२९ वर्षाच्या आत जात. २०२०च्या नमुना नोंदणीनुसार हा आकडा देशात २८, गुजरातेत २३, महाराष्ट्रात १६ होता. मूल जाणं आता रोजचं राहिलेलं नाही. त्यामुळे ज्या घरात ते घडतं, ते घर आजूबाजूच्या शंभर घरांत एकटं पडतं. पूर्वी शेजारची प्रत्येक बाई त्या वाटेने गेलेली असे. आता शेजारणीला काय बोलावं हेच कळत नाही, म्हणून ती काहीच बोलत नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. रुग्णालयाच्या नोंदवहीत अशा बाळांची नावं बहुधा आईच्याच नावाने लिहितात, अमकीचं बाळ म्हणून. त्यांच्या आयांकडे आठवायला फोटो नव्हते, शाळेचं दप्तर नव्हतं. लोक समजूत घालताना म्हणतात, लहान होतं, फार लळा लागला नव्हता, वय आहे तुझं, अजून होतील. या वाक्यांनी आजवर एकाही आईचं सांत्वन झालं असेल असं वाटत नाही.

मूल गेलेल्या आईबापांना सर्वात जास्त छळणारा प्रश्न अगदी साधा असतो. “मुलं किती तुम्हाला?” दोन म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो, दुसरा काय करतो. एक म्हणावं तर गेलेल्याला नाकारल्यासारखं होतं. गंमत अशी की भारतात हा प्रश्न नीट विचारणारा एकच माणूस आहे, जनगणनेचा प्रगणक. त्याच्या तक्त्यात विवाहित स्त्रीला दोन वेगळे प्रश्न असतात, एकूण जन्मलेली मुलं किती आणि हयात किती. नातेवाईक मात्र “कशाला खपली काढायची” म्हणून गेलेल्या मुलाचं नावच टाळतात. त्यांना वाटतं आपण नाव घेतलं तर आईला आठवण येईल. जणू ती विसरलीच होती.

कतारगामला लागूनच तापीकाठी अश्विनीकुमारचा घाट आहे, सुरतेचं मोठं स्मशान. तिथे तीन पानांचा वड दाखवतात. लोककथा सांगते की कर्णाने कुंवारी भूमी मागितली होती, जिथे कुणाचं दहन झालेलं नाही अशी, आणि कृष्णाने ती याच काठावर शोधून त्याला अग्नी दिला. कथेचा इतिहास तपासण्यात अर्थ नाही. पण सुरतेचे लोक पिढ्यान्पिढ्या आपली माणसं जिथे पोहोचवतात, ती जागा नेमकी त्या मुलाशी जोडलेली आहे ज्याला त्याची आई हयातीत आपला म्हणू शकली नाही. महाभारतात युद्ध संपल्यावर गंगेकाठी जलांजली देण्याची वेळ येते, तेव्हा कुंती तोंड उघडते आणि पांडवांना सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. तिला राज्य नको होतं, स्मारक नको होतं. मुलाचं नाव चारचौघांत, तिचा मुलगा म्हणून, उच्चारलं जावं एवढंच तिला हवं होतं. युधिष्ठिराने त्यावर स्त्रियांना शाप दिला, की यापुढे तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. शोक करणाऱ्या आईला चार शब्द सुनावण्याची आपली सवय बरीच जुनी दिसते.

नाव घेण्याभोवती काही देशांत रीतसर व्यवस्था उभी राहिली आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुलं गमावलेली दोन जोडपी एका रुग्णालयाच्या धर्मगुरूमुळे एकत्र आली. त्यातून ‘कंपॅशनेट फ्रेंड्स’ ही पालकांची संघटना निघाली. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता तिचे सदस्य जगभर मेणबत्त्या लावतात आणि मुलांची नावं घेतात. आपल्याकडे पितृपक्षातली त्रयोदशी बालकांसाठी राखलेली आहे, पण शहरांतल्या किती घरांत ती पाळली जाते? गुजरातेत अंजारला २६ जानेवारी २००१च्या भूकंपात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली १८५ मुलं आणि २० शिक्षक गाडले गेले. त्यांचं स्मारक २०२२च्या ऑगस्टमध्ये उघडलं. तोवर त्या मुलांबरोबरचे वाचलेले विद्यार्थी स्वतः आईबाप होण्याच्या वयाला आले होते.

काम करून दुःख विसरता येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉ. आंबेडकरांचं एक पत्र वाचावं. रमाबाई आणि बाबासाहेबांनी चार मुलं गमावली, तीन मुलगे आणि एक मुलगी. शेवटचा राजरत्न १९२६च्या जुलैत गेला. पुढच्याच महिन्यात दत्तोबा पवारांना लिहिताना बाबासाहेबांनी सावरल्याचा कुठलाही आव आणला नाही. उलट आपण दोघं यातून कधी बाहेर येऊ असं वाटत नाही, असंच कळवलं. त्यानंतर सात महिन्यांत महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पण एकाने दुसऱ्याची भरपाई झाली, असा हिशेब त्यांनी मांडलेला नाही. तो आपणही मांडू नये.

राहिला प्रश्न पोटाचा, आणि कतारगाममध्ये तो फार खरा आहे. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या कारागिराला बहुतेक ठिकाणी नगावर मजुरी मिळते. घंटीवर, म्हणजे हिरा घासायच्या चाकावर, बसला नाही की त्या दिवसाचे पैसे नाहीत. उधना-लिंबायतच्या यंत्रमागावर राबणाऱ्या खानदेशी कामगाराची गतही वेगळी नाही. मूल गेलं तर तो किती दिवस घरी बसणार? १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपात झालेल्या कामगार स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. केंद्र सरकारने २०२२च्या सप्टेंबरमध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बाळ मृत जन्मलं किंवा जन्मताच गेलं तर ६० दिवसांची विशेष रजा दिली. पण सात वर्षांचा मुलगा गेलेल्या खासगी कामगाराला देशव्यापी कायद्याने शोकासाठी वेगळी रजा एक दिवसाचीही नाही, आणि बापाचा तर विचारच कुठे नाही.

ब्रिटनमध्ये ल्यूसी हर्ड या आईचा २३ महिन्यांचा जॅक २०१०मध्ये बागेतल्या तळ्यात बुडाला. त्याच्या वडिलांना कामावरून तीन दिवस मिळाले. ल्यूसीने दहा वर्षं पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२०पासून तिथे १८ वर्षांखालचं मूल गमावलेल्या प्रत्येक नोकरदार पालकाला दोन आठवड्यांची रजा लागू झाली. लोक त्याला जॅकचा कायदा म्हणतात. पुन्हा एका आईलाच झिजावं लागलं, हे खरं. पण तिच्यानंतरच्या आयांना ते करावं लागणार नाही. सुरतेच्या हिरे कारखानदारांना यासाठी संसदेची वाट पाहण्याचीही गरज नाही. दिवाळीला कारागिरांना मोटारी वाटल्याच्या बातम्या याच शहरातून येतात. मूल गेलेल्या कारागिराला महिनाभराची सरासरी मजुरी घरपोच देणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

रुग्णालयांनाही एक काम करता येईल. अवयवदानाच्या रात्री समन्वयक कुटुंबासोबत सावलीसारखा असतो. त्याने सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा त्या घरी जावं. शाल न घेता, छायाचित्रकार न घेता. होकार दिला ते बरं केलं का, ही शंका रात्री-अपरात्री आईबापांना छळू शकते, आणि तिचं उत्तर देऊ शकणारा माणूस तोच आहे. ज्यांनी नकार दिला, त्यांच्याही घरी त्याने जावं.

आणि सुरत महापालिकेने २४ मेचा दिवस फुलांपुरता ठेवू नये. त्या दिवशी मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याने शहरातल्या क्लासेस, शाळा, रुग्णालयं आणि खेळघरांची विभागवार यादी सभागृहात मांडावी. किती तपासली, किती बंद केली, किती नोटिसांनंतर पुन्हा उघडली, आणि ती उघडू देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव काय. समोरच्या रांगेत २२ मुलांच्या आईबापांना बसवावं. त्यांना भाषण करायला सांगू नये. प्रश्न विचारायचे असतील तर ते विचारतील, नसतील तर ऐकून घरी जातील. यादी वाचून झाल्यावर तीच दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पूर्ण पान छापली जावी. सुरतेत गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदीतही, कारण या शहरातल्या क्लासांत तिन्ही भाषांची मुलं बसतात.